दरवाजा केव्हा उघडावा?

भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. त्याला 33 दरवाजे आहेत. समजा, असे दरवाजे हलवण्याचे काम संगणकाकडे सोपवायचे आहे. आज्ञावली तयार करण्यापूर्वी तिने काय करायचे ते लिहून काढावे लागते. त्यासाठी आम्ही दोनच नियम घेतो. (नियम आमचे आहेत, त्या धरणाचे नव्हेत. खरे नियम बरेच गुंतागुंतीचे असतात.)

पहिला नियम : पाणी ठरलेल्या पातळीवर गेले की दरवाजा उघडा असावा. दुसरा : नदीकाठच्या गावांना इशारा दिल्याशिवाय दरवाजा उघडा नसावा.

दोन्ही नियम लगेच पटतात. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना तर फारच पटतील. साध्या भाषेची अडचण इथेच आहे. वाक्य कानाला बरोबर लागले की आपण पुढे सरकतो.

आता आकारिक पद्धत, म्हणजे तर्कशास्त्राच्या चिन्हांची भाषा, वापरून पाहू. ‘पाणी पातळीवर गेले’ याला प, ‘दरवाजा उघडा आहे’ याला द आणि ‘इशारा दिला’ याला इ म्हणू. नियम झाले : प तर द, द तर इ. तीन विधाने, प्रत्येक खरे किंवा खोटे, म्हणून एकूण 8 स्थिती. फळ्यावर तक्ता मांडा आणि नियम मोडणाऱ्या ओळी खोडा. पहिला नियम 2 ओळी खोडतो, दुसरा आणखी 2. उरल्या 4.

खोडलेल्या ओळींकडे नीट पाहा. प खरे आणि इ खोटे अशा दोन्ही ओळी गेल्या आहेत. मुसळधार पावसाची रात्र, पाणी चढलेले, दूरध्वनी बंद, इशारा गेलेला नाही. अशा वेळी संगणकाने दरवाजा उघडला तरी नियम मोडतो, बंद ठेवला तरी मोडतो! पण ती रात्र काही तक्त्याला विचारून येत नाही. तेव्हा इशाऱ्यासाठी वेगळी, खालची पातळी ठरवायला हवी, आणि इशारा पोहोचलाच नाही तर कोणता नियम वरचढ हेही आधीच लिहायला हवे. बैठकीत निसटलेली गोष्ट तीन अक्षरांनी पकडली.

तक्ता मात्र फार दूर नेत नाही. 33 दरवाजे, प्रत्येक उघडा किंवा बंद, एवढ्यानेच 2 चा 33 वा घात, म्हणजे सुमारे 859 कोटी स्थिती होतात. म्हणून ओळी मोजण्याऐवजी भूमितीतल्यासारखी सिद्धता देतात. पॅरिसमध्ये 1998 साली सुरू झालेल्या 14 क्रमांकाच्या मेट्रो मार्गावर गाड्या चालकाविना धावतात. त्यांच्या सुरक्षेची आज्ञावली ‘बी’ नावाच्या अशाच पद्धतीने सिद्ध करून घेतलेली होती. या कामाला वेळ आणि जाणती माणसे लागतात. शाळेच्या हजेरीपटासाठी कोणी एवढे करू नये.

आता उरलेल्या 4 ओळींपैकी एक पाहा : प खोटे, द खरे, इ खरे. पाणी कमी आहे, इशारा दिला आहे आणि दरवाजा उघडा आहे. नियम मोडलेला नाही, सिद्धताही बिनचूक निघेल, आणि मार्चमध्ये धरण रिकामे होईल! यात काही चुकले आहे हे चिन्हे सांगत नाहीत. ते कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणारा शेतकरी सांगतो. त्याच्याशी साध्या मराठीतच बोलावे लागते. मग तिसरा नियम लिहायचा आणि तक्ता पुन्हा मांडायचा.