भिंतीवर टांगलेली सायकल

पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. वाड्याच्या दिंडींतून आंत शिरतांच चौकांत किंवा ओसरीच्या कडेला सायकली ओळीनें उभ्या असत. त्यांच्यासाठीं निराळी जागा शोधण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. पुढें बहुतेक वाडे गेले, त्या जागीं उंच इमारती आल्या आणि चौकाबरोबर सायकलीची जागाही नाहींशी झाली. जिन्यांत ठेवावी, तर आगीसारख्या प्रसंगीं पळण्याची वाटच अडते. तेव्हां भिंतीचा आश्रय घ्यावा, हें ओघानेंच येतें. मात्र जमिनीवरची सायकल पडली तर फार तर तिची घंटा वांकते. भिंतीवरची पडली तर खालीं खेळणाऱ्या मुलाला गंभीर इजा होऊं शकते. म्हणून हें काम विचारपूर्वक झालें पाहिजे.

पाण्यानें भरलेली बादली शरीरालगत सहज धरतां येते; तीच हात लांब करून धरली तर खांदा तत्काळ दुखूं लागतो. भिंतींतील स्क्रूची स्थिति या खांद्यासारखीच असते. जुन्या दणकट धर्तीच्या सायकलीचें वजन सुमारें २० किलो भरतें. हँडल ६० सेंटिमीटर रुंद असल्यामुळें, भिंतीला समांतर टांगलेल्या सायकलीचा भार भिंतीपासून निदान ३० सेंटिमीटर दूर राहतो. आतां आंकड्याच्या पट्टींतील वरचा स्क्रू तिच्या खालच्या कडेपासून अवघा १० सेंटिमीटर असेल, तर तरफेच्या नियमानें त्या स्क्रूवर बाहेर ओढणारा जोर २० गुणिले ३०, भागिले १०, म्हणजे ६० किलोइतका होतो. हेंच अंतर ३० सेंटिमीटर केलें कीं तो जोर २० किलोवर येतो. तेव्हां आंकडा घेतांना त्याच्या जाडीइतकेंच पट्टीच्या उंचीकडे लक्ष द्यावें.

पुढील चाक वर आंकड्यांत अडकवून सायकल उभी टांगल्यास मागील चाक खालीं भिंतीला टेकतें व स्क्रूवरील ओढ पुष्कळ कमी होते. उचलण्याचे श्रमही वांचतात. सायकल प्रथम मागील चाकावर उभी करावी आणि मग पुढील चाक आंकड्यांत सारावें. या पद्धतींत ती खोलींत जवळजवळ एक मीटर पुढें येते, एवढीच अडचण. मधला आडवा दांडा नसलेल्या बायकांच्या सायकलीला ही पद्धत विशेष सोयीची होय. आंकड्याला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला म्हणजे रिमवर ओरखडे पडत नाहींत.

भिंतीची परीक्षा मात्र टाळतां येत नाहीं. बोटांनीं ठोकून पाहतां पोकळ आवाज आला, तर तेथें गिलावा सुटलेला असण्याचा किंवा भिंत केवळ पडदीवजा असण्याचा संभव असतो. अशी जागा सोडावी. भोंक पाडतांना लाल भुकटी निघाली तर वीट, राखाडी व कठीण लागल्यास काँक्रीट समजावें. पांढरट भुकटी निघून ड्रिल लोण्यांत शिरावें तसें आंत गेलें, तर भिंत हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांची आहे. तिला त्याच जातीसाठीं बनविलेली गिट्टी लागते. पूर्वी भिंतींत लांकडी गुटका ठोकून त्यांत स्क्रू पिळीत. १९५८ सालीं जर्मनींत आर्तुर फिशर यांनीं प्लॅस्टिकची फुगणारी गिट्टी शोधून काढली आणि ती पद्धत मागें पडली. स्क्रू पिळतांच गिट्टी फुगते व भोंकाच्या कडांना घट्ट धरते. परंतु ती गिलाव्यांतच राहिली तर पकड नांवापुरतीच. गिलाव्याची जाडी सोडून ५० ते ६० मिलिमीटर विटेंत शिरलें पाहिजे, आणि तेंही विटांमधील सांध्यांत नव्हे.

दिव्याच्या बटनांच्या सरळ वर, खालीं किंवा आडव्या रेषेंत भोंक पाडूं नये. विजेच्या तारा बहुधा त्याच रेषेनें गेलेल्या असतात. न्हाणीघराच्या भिंतींत नळ असतात. शंका असल्यास तारा शोधणाऱ्या यंत्रानें जागा तपासावी अथवा जाणत्या माणसास बोलवावें. ओल धरणारी भिंत वर्ज्य करावी; तेथें गिलावा सुटतो आणि लोखंडही गंजतें. बिछान्यावर व पाळण्यावर सायकल कधींही टांगूं नये.

आंकडा बसल्यावर लगेच सायकल चढवूं नये. सायकलीच्या दुप्पट भार, म्हणजे २० लिटर पाण्याचे दोन डबे, एक दिवस त्यावर टांगून पाहावे. पट्टीच्या कडेनें आधींच शिसपेन्सिलीची रेघ ओढून ठेवावी; पट्टी त्या रेघेपासून केसभर जरी हलली, तरी काम पुन्हा करावें. या वेळीं डब्यांखालीं कोणी फिरकणार नाहीं, याची दक्षता घ्यावी.

आंकडा बहुधा पहिल्या दिवशीं निखळत नाहीं. रोज सायकल काढतां-ठेवतांना स्क्रू थोडा थोडा सैल होतो, आणि कांहीं महिन्यांनीं, सर्वजण निर्धास्त झाल्यावर, तो निसटतो. यास्तव दरमहा एकदां ती रेघ पाहावी आणि स्क्रू हातानें हलवून पाहावेत. चार मिनिटांचें हें काम घरांतील एका ठराविक व्यक्तीकडे सोंपवावें. सर्वांवर सोंपविलेलें काम कोणीच करीत नाहीं.