बुडबुडे थांबले म्हणजे बियर झाली?

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'घरी बियर करायला घेतली. आठवडाभर एअरलॉकमधून बुडबुडे येत होते, आता थांबले. बाटल्या भरू का? आणि खात्री करायला झाकण उघडलं, तर बियर नासणार नाही का?' (महाराष्ट्रात हा उद्योग परवान्याशिवाय करता येत नाही. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने घरगुती बियरला मोकळीक मिळाली, तेव्हा प्रश्नकर्ते निर्धास्त असावेत.)

एअरलॉक म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी झाकणावरची झडप. तिच्या बुडबुड्यांवर मुळीच विसंबू नये. झाकणाची रिंग जरा सैल असली, तर वायू तिथूनच निसटतो. आत यीस्ट जोरात असतानाही एअरलॉक गप्प. उलट काम केव्हाच आटोपलेलं असतं, पण खोली तापली की द्रवात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पुन्हा बुडबुडे दिसू लागतात.

खरं उत्तर देतो हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगणारी काचेची नळी. दुधात पाणी आहे का हे पाहायला डेअरीत जो लॅक्टोमीटर बुडवतात, त्याचाच हा भाऊ. माल्टच्या साखरेने जड झालेल्या काढ्याची सापेक्ष घनता सुरुवातीला साधारण १.०५० असते. यीस्ट साखर खातं आणि पाण्याहून हलकं अल्कोहोल तयार करतं, तसतशी नळी खाली बसत जाते. १.०१२ च्या आसपास ती थांबली, तर अल्कोहोल सुमारे ५ टक्के. १.००० पर्यंत आकडा सहसा उतरत नाही, कारण माल्टमधली लांब साखळ्यांची डेक्स्ट्रिन्स नेहमीच्या यीस्टला पचत नाहीत. एकट्या आकड्यावरही भागत नाही; १.०२० ला यीस्ट नुसतं रुसून बसलेलं असू शकतं. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली मापं जुळली आणि आकडा अपेक्षेच्या जवळ असला, तरच बाटल्या काढाव्यात. घनता ०.००१ ने उतरली, की लिटरमागे सुमारे अर्धा लिटर वायू सुटतो. बूच लावलेल्या बाटलीत असे चार-पाच टप्पे शिल्लक राहिले, तर काच फुटू शकते.

या नळीला बियरच्या धंद्यात शिरायला किती झगडावं लागलं, ते मात्र सांगायलाच हवं. इंग्लंडमधल्या ऑल्टन गावचा जेम्स बॅव्हरस्टॉक हा बियरवाल्याचा मुलगा. वडिलांना असली उपकरणं खपत नसत, म्हणून तो थर्मामीटरसुद्धा लपूनछपून वापरी, असं सांगतात. १७६० चं दशक सरता सरता त्याने हायड्रोमीटर मिळवला, मापं घेतली आणि मोठ्या उमेदीने लंडनच्या सॅम्युअल व्हिटब्रेडला दाखवायला गेला. व्हिटब्रेड म्हणजे त्या काळातलं बडं प्रस्थ. त्याने ही खुळं सोडून घरचा धंदा सांभाळायचा सल्ला दिला आणि पोराला वाटेला लावलं. हेन्री थ्रेल या दुसऱ्या कारखानदाराने कदर केली. पण बॅव्हरस्टॉकचं पुस्तक आलं १७८५ साली, आणि हल शहरातल्या जॉन रिचर्डसनचं त्याच विषयावरचं पुस्तक १७८४ सालीच बाजारात! नाव रिचर्डसनचं झालं. तोही लायक होता, तरी माझं मत बॅव्हरस्टॉकला. पुढची गंमत अशी की १८७१ मध्ये लुई पाश्चर व्हिटब्रेडच्याच कारखान्यात गेले आणि त्यांनी तिथल्या यीस्टमधले उपरे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. या वेळी मात्र आठवड्याच्या आत कारखान्याने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला.

त्या उपऱ्या जंतूंमुळेच वाचकाचे दोन प्रश्न वेगळे राहत नाहीत. बियर 'झाली' ती आपण घातलेल्या यीस्टपुरती. डेक्स्ट्रिन्स आत तशीच आहेत. डायास्टॅटिकस नावाचं यीस्टचं एक वाण ती तोडणारं विकर सोडतं. नमुना काढायच्या, नीट न धुतलेल्या नळीवरून ते आत गेलं, की १.०१२ वर स्थिरावलेली बियर बाटलीत पुन्हा कामाला लागते. हायड्रोमीटरने सांगितलेलं खोटं नव्हतं, पण ते विचारतानाच घात झालेला असतो.

म्हणून बियरमध्ये जे बुडणार ते निर्जंतुक हवं. नमुना ज्यात काढायचा ते भांडं नुसतं स्वच्छ असलं तरी चालतं. नमुना काढायची नळी आधी घासूनपुसून धुवावी, कारण चिकटलेल्या थराखाली जंतुनाशक पोचत नाही. मग ती फॉस्फोरिक आम्लाच्या न विसळायच्या द्रावणात पाकिटावर लिहिलेला वेळ बुडवावी आणि फेसासकट वापरावी. वर नळाचं पाणी मारलं की सगळं केलेलं फुकट. प्लास्टिकला काथ्या लावू नये; ओरखड्यांत जंतू दडून बसतात. हायड्रोमीटरला उकळतं पाणी नको, पातळ काच तडकते. नमुना दोन पेल्यांत वरखाली ओतून वायू घालवावा आणि हायड्रोमीटर बोटांनी गर्रकन फिरवावा, नाहीतर चिकटलेले बुडबुडे त्याला उचलतात आणि आकडा फुगतो. मोजून झालं की नमुना परत ओतायचा नाही, प्यायचा. कोमट आणि बिनगॅसचा असला तरी चव बरंच सांगते. नको तिथे आंबट लागली, तर आकड्याकडे बघायचं कारणच उरत नाही.

हल्ली बियरमध्येच तरंगत राहून फोनवर आकडे धाडणारी यंत्रं मिळतात; झाकण उघडायलाच नको, अशी जाहिरात. कल्पना झकास आहे, पण त्यांच्या अंगावर फेसाचा साका बसतो, बुडबुडे चिकटतात आणि आकडा सरकतो. घनता उतरायची कधी थांबली हे ती छान दाखवतात. कितीवर थांबली, यासाठी बाटल्या भरण्यापूर्वी काचेचा हायड्रोमीटर काढावाच. पिंपाला तोटी असेल तर झाकणाला हातही लावू नये. तोटीच्या तोंडात जंतुनाशक फवारावं, नमुना घ्यावा आणि पुन्हा फवारून ठेवावं.