युद्ध तिकडे, दिवाळं इकडे

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी केली आणि गुलामांनी पिकवलेला कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, कामगारांवर उपासमार आली. गिरणीमालकांची नजर भारताकडे वळली.

मुंबईत कापसाचे भाव कडाडले. हातात खुळखुळणारा पैसा गुंतवायला नव्या बँका, नव्या कंपन्या निघाल्या. समुद्र बुजवून जमीन तयार करणाऱ्या बॅक बे कंपनीच्या समभागांवर तर उड्या पडल्या. प्रेमचंद रायचंद या सट्टेबाजारातले बडे खेळाडू.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, युद्ध संपत आलं. अमेरिकेचा कापूस पुन्हा इंग्लंडला जाणार म्हणून इथले भाव कोसळले, वायदे बुडाले, मातब्बर पेढ्यांचं दिवाळं वाजलं. बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली.

तेजीत सहज मिळालेलं कर्ज मंदीत दख्खनच्या शेतकऱ्यांच्या मानगुटीवर बसलं. त्यात वाढीव शेतसाऱ्याची भर पडली. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी त्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली.

प्रेमचंदांनी तेजीत दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र मुंबईत आजही वेळ सांगतो.