डेम्लो संख्या

डेम्लो संख्या हा गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अभ्यासलेला, अंकांच्या मांडणीवरून ओळखला जाणारा संख्यांचा एक प्रकार होय. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, तत्कालीन जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो म्हणजेच आजच्या डोंबिवली स्थानकावर ही कल्पना सुचल्यामुळे त्यांनी तिला हे नाव दिले. डहाणू येथे जन्मलेल्या कापरेकरांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. १९३० ते १९६२ या काळात ते देवळालीस शाळेत शिक्षक होते.

डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात. पहिल्या व शेवटच्या भागांच्या बेरजेत मधल्या भागाचाच अंक येतो. उदा. २५५३ मध्ये २ + ३ = ५; १२३४३२१ मध्ये १२३ + ३२१ = ४४४ आणि मधला अंक ४.

केवळ १ या अंकाने लिहिलेल्या संख्यांचे वर्ग विशेष प्रसिद्ध आहेत: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, आणि नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ उदाहरणे जुळली म्हणजे दहावेही जुळेल असे मानणाऱ्याची मात्र येथे फसगत होते. दहा वेळा १ लिहिल्यास वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. चढ-उताराचा क्रम मोडतो. पाटीवर गुणाकार मांडल्यास कारण लगेच दिसते. मधल्या स्तंभात दहा एकं जमतात आणि हातचा घ्यावा लागतो. द्विमान पद्धतीत तर हा क्रम दुसऱ्याच पायरीवर मोडतो, कारण तेथे ११ चा वर्ग १००१ होतो. षोडशमान पद्धतीत तो पंधराव्या पायरीपर्यंत टिकतो.

म्हणजे हा क्रम संख्येचा नव्हे, तिच्या लेखनाचा गुण आहे. संख्या आणि तिचे चिन्ह यांत गल्लत करू नये, असा आग्रह जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेग यांनी धरला होता. अंकांच्या अशा गमतींत गणितज्ञाला रस वाटावा असे काही नाही, असे जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये लिहिले. शुद्ध गणितापुरते ते मान्य करता येईल. संगणनाच्या सिद्धान्तात मात्र लेखनाला असे बाजूला सारता येत नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये कल्पिलेले यंत्र संख्या जाणतच नाही. ते पट्टीवरील एकेक चिन्ह वाचते, पुसते, लिहिते. गणनेस किती पायऱ्या लागतील याचे मोजमापही लेखनाच्या लांबीवरून होते. दहा लाख ही संख्या दशमान पद्धतीत ७ अंकांत मावते, द्विमान पद्धतीत २० अंकांत. रेघा ओढून लिहावयाची तर दहा लाख रेघा लागतात.