डॉकी : मेव्ह बिंची यांचे गाव

डब्लिनच्या आग्नेयेस, आयरिश समुद्राच्या काठी वसलेले डॉकी आज राजधानीचे उपनगर असले, तरी मध्ययुगात ते तिचे बंदरच होते. डब्लिनमधील लिफी नदीच्या मुखाशी गाळ साचल्याने मोठी जहाजे डॉकीला नांगर टाकत आणि त्यांतील माल सुरक्षित राहावा म्हणून गावात सात गढ्या, म्हणजे भक्कम दगडी कोठारे, उभारण्यात आली होती. त्यांपैकी दोन कॅसल स्ट्रीटवर अद्याप उभ्या असून एकीत वारसा केंद्र आहे. नाटककार बर्नार्ड शॉ यांच्या बालपणाची काही वर्षे डॉकीच्या टेकडीवरील टोर्का कॉटेजमध्ये गेली, तथापि गावाचे सर्वाधिक जिव्हाळ्याचे नाते आहे ते कादंबरीकार मेव्ह बिंची यांच्याशी.

1939 साली जन्मलेल्या बिंची डॉकीतच वाढल्या. शिक्षिका असताना त्या इस्रायलमधील किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक मालकीच्या शेतवसाहतीत, काही काळ राहिल्या. तेथून घरी धाडलेली त्यांची पत्रे वडिलांनी वृत्तपत्राकडे दिली आणि ती छापून आल्यावर त्यांच्या लेखनाला दिशा मिळाली. 1968 मध्ये त्या ‘आयरिश टाइम्स’मध्ये रुजू झाल्या, पुढे लंडनहून लिहू लागल्या, 1977 मध्ये लेखक गॉर्डन स्नेल यांच्याशी विवाहबद्ध झाल्या आणि कालांतराने पतीसह डॉकीलाच परतल्या.

‘लाइट अ पेनी कँडल’ ही पहिली कादंबरी 1982 मध्ये, त्यांच्या वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आली. ‘सर्कल ऑफ फ्रेंड्स’ या कादंबरीतील नॉकग्लेन हे गाव काल्पनिक आहे, पण तेथून डब्लिनच्या विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या, आणि रोज संध्याकाळच्या बसने घरी परतावेच लागणाऱ्या बेनीची घुसमट, दुकानदारांची एकमेकांवरील नजर, चर्चचा धाक आणि चारचौघांत झाकून ठेवलेली दुःखे बिंची ज्या बारकाईने टिपतात, तिच्यामागे राजधानीला लागून असूनही स्वतःचे गावपण न सोडणाऱ्या वस्तीचा अनुभव असावा. त्यांच्या पुस्तकांच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या, आणि या खपाकडे बोट दाखवून त्यांना हलक्याफुलक्या करमणुकीच्या लेखिका ठरवणे अन्यायाचे आहे, कारण सामान्य स्त्रियांच्या मैत्रीला आणि फसवणुकीला त्यांनी गंभीर साहित्यविषयाचा मान दिला.

30 जुलै 2012 रोजी त्यांचे निधन झाले. डब्लिनहून किनाऱ्यालगत धावणाऱ्या ‘डार्ट’ या उपनगरी रेल्वेने डॉकीला जाता येते. स्थानकापासून कॅसल स्ट्रीट पायी काही मिनिटांवर आहे, आणि वारसा केंद्रात गावाच्या इतिहासाबरोबर तेथील लेखकांचीही माहिती मिळते.