रबरी बेडकावर मरळ : गळ कधी टाकायचा, कुठे टाकायचा आणि कधी टाकायचा नाही

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या तळ्यांवर एक नवं चित्र दिसायला लागलंय. बांबूची काठी आणि गांडुळाचा डबा घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी रील लावलेली काठी घेऊन कॉलेजची पोरं उभी असतात, आणि दोरीच्या टोकाला रबरी बेडूक. हा बेडूक अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या माशासाठी निघाला. बास पाणवनस्पतींच्या दाट थराखाली सावलीला बसतो, तिथं साधा गळ टाकला की पानांतच अडकतो. आपल्या तळ्यांत बास नाही, पण मरळ आहे आणि तिचीही बसण्याची जागा तीच. हैदराबादकडचे वाचक हिलाच कोर्रमीनू म्हणतात. तेलंगणाचा तो राज्य मासा.

बेडूक आतून पोकळ असतो. दोन गळांची टोकं वर वळवून त्याच्या पाठीला चिकटवलेली असतात, त्यामुळे तो पानांवरून न अडकता घसरत येतो. माशानं तोंडात दाबला की रबर चेपतं आणि टोकं उघडी पडतात. मरळीचं तोंड हाडाचं, म्हणून गळ धारदार हवा, दोरी विणलेली आणि काठी ताठ. दोनशे रुपयांचा बेडूक आणि वीस रुपयांची दोरी असा हिशोब केला तर पहिल्याच माशाला दोन्ही जातात.

मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही, तिला थोड्या थोड्या वेळानं वर येऊन हवा घ्यावी लागते. म्हणूनच बाजारात ती टबात जिवंत विकतात. कोळी लोक अर्धा तास काठावर नुसते उभे राहून कुठं 'टप्प' असा आवाज होतो ते बघतात. तुम्हीही तेच करा. वेळ म्हणाल तर उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत, आणि संध्याकाळी चारनंतर अंधार पडेपर्यंत. ढगाळ, वारा नसलेला दिवस मिळाला तर दुपारही चालते. थंडीत मात्र पहाटे जाऊन उपयोग नाही, पाणी थोडं कोमट होऊ द्यावं.

जागा निवडताना मोकळ्या पाण्याचा मोह सोडा. कमळाच्या पानांमधली भोकं, जलपर्णीची कड, लव्हाळ्याचा कोपरा, पाण्यात झुकलेलं झाड, जुन्या दगडखाणीतलं गवत, या खऱ्या जागा. बेडूक नेमका भोकात टाकायचा नाही. पलीकडं पानावर टाकायचा, हलकेच ओढत भोकात उतरवायचा आणि थांबायचं. आमच्यासारखे उतावळे इथंच चुकतात. पाणी उसळलं की लगेच झटका मारतात आणि रिकामा बेडूक तोंडावर येतो. दोरीवर वजन जाणवेपर्यंत एक-दोन सेकंद दम धरायचा, मग जोरात.

काही जण अजूनही जिवंत बेडूक गळाला लावतात. ते बंद करायला हवं. मोठा बैलबेडूक वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. गोव्यात 'जंपिंग चिकन'साठी बेडूक मारू नका म्हणून पावसाळ्यात वनखात्याला ताकीद द्यावी लागते. तळं कुणाच्या ठेक्यात आहे हेही आधी विचारा. पंचायतीची तळी लिलावात गेलेली असतात आणि पिल्लं सोडायला ठेकेदारानं पैसे घातलेले असतात.

आता मुख्य गोष्ट. पावसाळ्यात मरळ वीण घालते. पिल्लांचा तांबूस-केशरी गोळा पाण्यावर बुडबुडत फिरतो आणि त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात. त्या गोळ्यावर बेडूक टाकला की हल्ला जवळजवळ ठरलेला. मोबाईलवर फिरणारे बरेचसे 'जबरदस्त अटॅक' असेच मिळवलेले असतात. ती मरळ भुकेनं आलेली नसते, पोरांवर आलेला शत्रू हाकलायला आलेली असते. मोठी उचलली की राखण संपली; तिलापिया आणि इतर मासे बाकीचं काम करतात. गेल्या श्रावणात आमच्या गावतळ्यावर एकानं सकाळी जोडीतल्या दोन्ही काढल्या. ताटाएवढा गोळा होता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर पाणी स्वच्छ.

पिल्लं पाच-सहा सेंटिमीटरची होऊन पांगेपर्यंत ही राखण काही आठवडे चालते. तेव्हा गोळा दिसला तर तो काठ सोडून द्या. चुकून राखणारी मरळ लागलीच, तर हात ओले करून गळ काढा आणि तिथंच, त्याच जागी सोडा. ती पुन्हा पिल्लांकडे जाण्याची शक्यता असते. दसऱ्यानंतर पाणी निवळतं, पानं दाट असतात आणि मोठ्या मरळी परत खायला लागतात. बेडूक तेव्हा बाहेर काढा.