सर्व्हर नव्हे, शोधाची वाट चुकते

‘सर्व्हर स्लो आहे’ हे खिडकीपलीकडून येणारे वाक्य आता आपल्या अंगवळणी पडले आहे. पुष्कळदा त्यात सर्व्हरचा काहीच दोष नसतो. १ कोटी नोंदींच्या टेबलमधून एक नोंद हवी असेल आणि ज्या रकान्यावरून ती शोधायची त्याचा इंडेक्स केलेला नसेल, तर डेटाबेसला सगळे टेबल वाचून काढावे लागते. दुप्पट वेगाचे यंत्र आणले तरी प्रतीक्षा फार तर निम्मी होईल.

यावरचा उपाय जुना आहे. बोइंग कंपनीत असताना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी ‘बी-ट्री’ ही रचना मांडली. त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. या झाडाच्या एकेका पानावर शेकडो मूल्ये क्रमाने मावतात. त्यामुळे कोटभर नोंदींतली हवी ती नोंद तीन-चार पायऱ्यांत सापडते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल यांचे नेहमीचे इंडेक्स याच कुळातले.

मात्र इंडेक्स असूनही शोध रेंगाळतो, तेव्हा प्रश्न विचारण्याची रीत तपासावी. जुनी टेलिफोन डिरेक्टरी आठवा. ती आडनावानुसार लावलेली असे. ‘नाईक’ चटकन सापडत. (गोव्यात त्यापुढेही बरीच पाने चाळावी लागत, हा भाग वेगळा.) पण आडनाव ठाऊक नाही, नाव तेवढे प्रकाश, असे म्हटले की सगळे पुस्तक चाळणे आले. आडनाव आणि नाव अशा क्रमाने केलेला इंडेक्सही नुसत्या नावाच्या शोधाला सहसा उपयोगी पडत नाही. ज्यांच्या शेवटी ‘कर’ आहे अशी आडनावे मागितली, तरी तीच गत. जन्मतारखेतून वर्ष वेगळे काढून ते २००४शी ताडून पाहिले, तर तारखेचा इंडेक्स निकामी ठरतो; ‘१ जानेवारी २००४पासून, १ जानेवारी २००५च्या आत’ असे विचारले की तोच इंडेक्स कामी येतो.

डेटाबेस कोणत्या वाटेने जाणार आहे, हे ‘एक्स्प्लेन’ ही आज्ञा दिली की तो स्वतःच सांगतो. ते न पाहता प्रत्येक रकान्यावर इंडेक्स लादणे हा उतावीळपणा होय, कारण नवी नोंद आली की तिची दखल प्रत्येक इंडेक्समध्ये घ्यावी लागते आणि लिहिण्याचे काम मंदावते.

चालू टेबलवर इंडेक्स बांधताना पोस्टग्रेसमध्ये तेवढा वेळ नव्या नोंदी थांबतात. आज्ञेत ‘कन्करंटली’ हा शब्द घातला तर बांधणीला वेळ अधिक लागतो, पण खिडकीवरचे काम चालू राहते.